पंप फुकट, पण बिल कोणाचं? न्यू जर्सीतल्या एका नोकरदार आईचं प्रकरण

अमेरिकेत विम्यातून ब्रेस्ट पंप फुकट मिळतो, हे एडिसन-इसेलिनकडच्या मराठी घरांत आता सगळ्यांना ठाऊक आहे. फुकट म्हणजे नेमका कसा, ते मात्र पहिला नकार हातात पडेपर्यंत कळत नाही. विमा कंपनी पंपाकडे बघतच नाही. ती बघते बिलाकडे: ते कुठल्या पुरवठादाराने लावलं, कुठला कोड टाकून लावलं आणि कधी लावलं. तोच पंप, त्याच किमतीचा, एका बिलावर शून्य डॉलरला पडतो आणि दुसऱ्या बिलावर पूर्ण खिशातून.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. या कामात पुन्हा पुन्हा दिसणारे घोळ इथे एकाच घरात आणून बसवले आहेत आणि त्या घरातले डॉलरचे आकडे उदाहरणादाखल आहेत. कायदे, कोड आणि मुदती मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

बाई सॉफ्टवेअर चाचणीच्या कामात, एच-वन-बी व्हिसावर. विमा तिच्याच कंपनीचा. कंपनीत चारेकशे माणसं. कार्डावर नाव एका मोठ्या विमा कंपनीचं असलं तरी दाव्यांचे पैसे जातात नोकरी देणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतून. याला सेल्फ-फंडेड प्लॅन म्हणतात, आणि तक्रार कुठे करायची हे त्यावरच ठरतं. त्यातून प्लॅन हाय-डिडक्टिबल: पहिले ३,५०० डॉलर स्वतः भरायचे, सोबत एचएसए, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, नवऱ्याच्या विम्यावर असलेल्या एच-फोरवाल्या बाईलाही पंपाचा हक्क हाच. विमा कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही.

हक्क येतो कुठून? २३ मार्च २०१० रोजी मंजूर झालेल्या अफोर्डेबल केअर ॲक्टमधून. त्याखाली स्त्रियांच्या प्रतिबंधात्मक सेवांची यादी झाली. १ ऑगस्ट २०१२ नंतर सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षांपासून स्तनपानाचा सल्ला आणि साहित्य डिडक्टिबल, कोपे (दर वेळी भरायची ठरावीक रक्कम) काहीही न लावता देणं बंधनकारक झालं. डिसेंबर २०२१ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वं सुधारली आणि २०२३ च्या प्लॅन-वर्षांपासून लागू झाली. त्यांत तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रिक पंपाला प्राधान्य, पंपाचे सुटे भाग आणि देखभाल, दूध साठवण्याचं साहित्य. ‘आधी हातपंप वापरून बघा, जमलं नाही तर इलेक्ट्रिक देऊ’ ही अट घालता येत नाही. २०१० च्या आधीपासून फारसे न बदललेले ‘ग्रँडफादर्ड’ प्लॅन आणि अल्पमुदतीचे स्वस्त विमे यातून सुटतात. नोकरी बदलताना मधल्या काळासाठी असा स्वस्त विमा घेतलेली घरं इथेच फसतात.

पहिला फोन गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला. बाईने विचारलं, “ब्रेस्ट पंप कव्हर्ड आहे का?” पलीकडून उत्तर आलं, “डीएमईमध्ये आहे. डिडक्टिबल भरून झालं की ८० टक्के.” उत्तर चूक, पण प्रतिनिधी खोटं बोलत नव्हता. त्याच्या पडद्यावर टिकाऊ वैद्यकीय उपकरणांची, म्हणजे डीएमईची ओळ उघडी होती. व्हीलचेअर, ऑक्सिजनचं यंत्र आणि पंप त्याला एकाच रांगेत दिसत होते. पंपाची खरी जागा ‘प्रिव्हेंटिव्ह’ या वेगळ्या पानावर आहे. हाय-डिडक्टिबल प्लॅनमध्ये डिडक्टिबलच्या आधी काहीच मिळत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रतिबंधात्मक सेवांना ती अट लागत नाही.

दुसऱ्या फोनला तिने कोड घेऊन विचारलं आणि उत्तर बदललं. हे तीन कोड पाठ असलेले बरे: ई०६०२ हातपंप, ई०६०३ इलेक्ट्रिक पंप, ई०६०४ हॉस्पिटल-ग्रेड इलेक्ट्रिक पंप. विचारायचं ते असं:

– ई०६०३, खरेदी, प्रिव्हेंटिव्हखाली, नेटवर्कमधला (विमा कंपनीशी करार असलेला) पुरवठादार: माझा हिस्सा किती?
– प्रसूतीच्या किती दिवस आधी पाठवता येतो?
– ई०६०४ भाड्याने हवा असेल तर पूर्वपरवानगी लागते का? आणि तो घेतला तर ई०६०३ चा हक्क संपतो का?
– सुटे भाग आणि पिशव्या, म्हणजे ए४२८१ पासूनचे कोड: किती नग आणि किती दिवसांनी?
– मी स्वतः दुकानातून घेतला तर परतावा मिळतो का, आणि मिळत असेल तर कमाल किती?

तिसरा प्रश्न तिने विचारला नाही. तेव्हा गरज वाटली नव्हती. पुढचा मोठा त्रास त्या एका प्रश्नातून निघाला.

उत्तरं फोनवर ऐकून भागत नाही. तारीख, प्रतिनिधीचं नाव आणि कॉलचा रेफरन्स क्रमांक लिहून ठेवायचा. त्याहून चांगलं म्हणजे तेच प्रश्न विमा कंपनीच्या पोर्टलवरच्या संदेशपेटीतून पाठवायचे. लेखी उत्तराला दोन-तीन दिवस लागतात, पण अपिलाच्या वेळी तो कागद कामी येतो.

चिठ्ठीचा घोळ छोटा, पण नेहमीचा. डॉक्टरांच्या ऑफिसने कागदावर लिहिलं ‘ब्रेस्ट पंप’, खाली सही. पुरवठादाराने ती परत पाठवली. चिठ्ठीवर बाईचं नाव नि जन्मतारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, ‘डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप’ हे शब्द, ई०६०३, निदानाचा कोड (स्तनपान देणाऱ्या आईसाठी सहसा झेड३९.१), किती महिन्यांसाठी हवा, डॉक्टरांची सही, तारीख आणि त्यांचा एनपीआय, म्हणजे अमेरिकेतला डॉक्टरांचा ओळख क्रमांक, इतकं लागतं. पुरवठादार ही चिठ्ठी डॉक्टरांकडून फॅक्सने मागवतो आणि तो फॅक्स ऑफिसातल्या ट्रेमध्ये आठवडा-आठवडा पडून राहतो. पुढच्या तपासणीला जाताना छापील मसुदा सोबत न्यावा आणि तिथेच सही करून घ्यावी.

मग नवऱ्याने एक उद्योग केला. पुरवठादार म्हणाला, “तारखेच्या तीस दिवस आधी पाठवू.” तेवढ्यात एका ऑनलाइन दुकानात पंप सवलतीत दिसला. १६० डॉलरला घेतला, खोका उघडला, आणि विमा कंपनीच्या पोर्टलवर पावती चढवून दावा टाकला. अशा दुकानाची पावती म्हणजे दावा नव्हे. तिच्यावर कोड नसतो, पुरवठादाराचा क्रमांक नसतो, आणि दुकान नेटवर्कबाहेरचं असतं. नेटवर्कमध्ये पंप मिळण्याची सोय असताना नेटवर्कबाहेरच्या खरेदीचे पैसे देण्याची सक्ती प्लॅनवर नाही. सक्ती येते ती नेटवर्कमध्ये कोणी पुरवठादारच नसेल तेव्हा. खोका उघडल्यावर दुकानानेही पंप परत घेतला नाही, आरोग्याच्या कारणाने कोणीच घेत नाही.

१६० डॉलर गेले ते गेलेच, पण खरं नुकसान वेगळंच होतं. तो दावा ‘प्रक्रियेत’ म्हणून नोंदला गेला. प्लॅनचा नियम ‘एका गरोदरपणाला एक पंप’. पुरवठादाराने पात्रता तपासली तेव्हा पंपाचा हक्क वापरात असल्याचं दिसलं आणि त्याने ऑर्डर थांबवून ठेवली. दावा लेखी मागे घ्यावा लागला, आणि त्यात दहा दिवस गेले. दावा फेटाळला गेला असता तर उलट बरं झालं असतं. थोडीशी रक्कम मंजूर होणं सर्वांत वाईट, कारण मग हक्क संपतो आणि हातात पंपाच्या निम्मेही पैसे येत नाहीत. त्या १६० डॉलरवर उपाय एवढाच उरला की ते एचएसएमधून काढायचे. पंप आणि त्याचं साहित्य वैद्यकीय खर्च धरला जाईल असं अमेरिकी आयकर खात्याने २०११ मध्येच जाहीर केलेलं आहे.

विम्याचा पंप अजून वाटेत, आणि पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. बाळ बारा दिवस एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आता प्रश्न ऑफिसात दूध काढण्याचा राहिला नाही. बाळ छातीशी येत नसताना दूध उतरवायचं आणि टिकवायचं, म्हणजे चोवीस तासांत आठ ते दहा वेळा पंप करायचं. अशा वेळी घरगुती पंपावर विसंबू नये. वॉर्डात मेडेलाच्या सिम्फनीसारखा हॉस्पिटल-ग्रेड पंप असतो. तो अनेक आयांना वापरता यावा असाच बनवलेला असतो. प्रत्येकीची नळी-बाटल्यांची किट तेवढी वेगळी. घरी जाताना तोच भाड्याने मिळतो: कोड ई०६०४, पुढे भाड्याचं चिन्ह आरआर.

ई०६०४ ला बहुतेक प्लॅन पूर्वपरवानगी मागतात. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी चारला हे कळलं तर ती संध्याकाळ हातची जाते आणि कुटुंब स्वतःच्या कार्डावर महिन्याचं भाडं नि डिपॉझिट भरून मोकळं होतं. इथे हॉस्पिटलमधल्या लॅक्टेशन कन्सल्टंटने, म्हणजे स्तनपान सल्लागाराने, दोन दिवस आधीच पत्र तयार करून दिलं म्हणून निभावलं. पत्रात काय होतं ते महत्त्वाचं: बाळ किती आठवड्यांचं, वजन किती, आई आणि बाळ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, बाळ अजून छातीशी ओढू शकत नाही, दिवसाला किती वेळा पंपिंग, आणि किती महिने लागेल. ‘पेशंटला पंप हवा आहे’ अशा एका ओळीच्या पत्राला परवानगी मिळत नाही. भाडं आईच्या नावाने लावायचं की बाळाच्या, हे प्लॅनवर अवलंबून असतं. बाळाच्या नावाने लावायचं असेल तर बाळ विम्यात नोंदलेलं हवं. नोकरीच्या विम्यात त्यासाठी जन्मापासून निदान ३० दिवस मिळतात. एनआयसीयूच्या धावपळीत ती मुदत निसटली तर पंप राहिला बाजूला, अख्खं हॉस्पिटलचं बिल अंगावर येतं.

विम्याचा घरगुती पंप बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी आला. स्पेक्ट्रा एस-१. पुरवठादाराच्या पानावर काही पंप ‘पूर्ण कव्हर्ड’ आणि काही ‘अपग्रेड’ या खान्यात असतात. एस-२ ला प्लग लागतो, एस-१ मध्ये बॅटरी आहे. त्या बॅटरीसाठी ४५ डॉलर वर भरले. हे पैसे ऐच्छिक. ‘सगळ्याच इलेक्ट्रिक पंपांना अपग्रेड शुल्क आहे’ असं सांगणाऱ्या पुरवठादाराला सोडून यादीतला दुसरा धरावा, कारण निदान एक डबल इलेक्ट्रिक पंप शून्य खर्चात मिळायलाच हवा. ब्लाउजच्या आत बसणारे वेअरेबल पंप दिसायला छान आणि मीटिंगमध्ये सोयीचे. पण ज्या आईचं दूध अजून नीट उतरलेलं नाही तिने विम्याचा एकुलता एक पंप त्यावर घालवू नये. तो दुसरा पंप म्हणून ठीक.

आता फ्लँज, म्हणजे स्तनावर बसणारं गाळणीसारखं नरसाळं. खोक्यात साधारण २४ आणि २८ मिलिमीटरची येतात. या बाईचं माप १७ निघालं. माप घ्यायचं ते फक्त स्तनाग्राच्या बुडाच्या रुंदीचं, भोवतालचा गडद भाग सोडून. त्यात फार तर दोन-तीन मिलिमीटर वाढवायचे. २४ मध्ये तिचा गडद भागही आत ओढला जात होता. दुखत होतं, कडेला लाल वळ उठत होते आणि वीस मिनिटांत जेमतेम ३० मिली. सिलिकॉनचे १९ चे इन्सर्ट बसवल्यावर दुखणं थांबलं आणि दूध वाढलं. ‘मला दूधच कमी येतं’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातली किती दुधाची आणि किती नरसाळ्याची, हे माप घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पंप ओढेनासा झाला. मोटर चालू, आवाज नेहमीचा, बाटलीत थेंब नाही. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या आजींनी सगळे भाग पातेल्यात उकळून स्वच्छ केले होते. नळीसकट.

“अगं, इतकी स्वच्छ केली, तरी ओढतच नाही बघ हा.”

“आई, नळी धुवायची नसते गं. त्यात फक्त हवा असते, दूध जातच नाही.”

खरंच जात नाही. स्पेक्ट्रामध्ये बॅकफ्लो प्रोटेक्टर नावाची वाटी असते, तिच्यातल्या पातळ पडद्यापलीकडे दूध जात नाही आणि अलीकडे नळीत नुसती हवा. नळीत पाणी राहिलं की आधी ओढ मंदावते, मग बुरशी धरते. थोडे थेंब असतील तर नळी पंपाला लावून पंप काही मिनिटं रिकामा चालवायचा, सुकते. काळे ठिपके दिसले तर नळी फेकायची, धुऊन वापरायची नाही. पण इथे दुसरीही एक गोष्ट झाली होती. डकबिल व्हॉल्व्ह, म्हणजे बदकाच्या चोचीसारखी पांढरी सिलिकॉनची झडप, आतून बाटली घासायच्या ब्रशने घासली गेली होती. चोचीची फट मिटलेली दिसायला हवी. उजेडाकडे धरल्यावर तिच्यातून प्रकाश आला. एवढ्यानेच निम्मी ओढ जाते. ही झडप बोटांनी, साबणाच्या पाण्यात, नुसती चोळून धुवायची, आणि दिवसाला अनेकदा पंपिंग असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची. सगळे भाग सिंकमध्ये न धुता वेगळ्या टबात धुवायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुक करायचे. पातेल्यात उकळण्याची आजींची पद्धत त्यासाठी योग्यच होती, नळी तेवढी बाहेर ठेवायला हवी होती.

सुटे भाग विम्यातून येतात, पण नग मोजूनच. नळी ए४२८१, नरसाळं ए४२८४, दूध साठवायची पिशवी ए४२८७. या शेवटच्या कोडच्या वर्णनात ‘प्रत्येकी’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे शंभर पिशव्यांचा खोका बिलात १०० नग म्हणून जायला हवा. पुरवठादाराने ‘१’ लिहिलं तर विमा एका पिशवीचे पैसे देतो आणि मग उरलेल्याचा वाद सुरू होतो. दर महिन्याला आपोआप भाग पाठवणाऱ्या योजनेवर ‘हो’ करताना मर्यादेपलीकडच्या मालाचे पैसे कोण भरणार, हे आधी विचारावं.

सहाव्या आठवड्यात ईओबी आली. ईओबी म्हणजे बिल नव्हे, दाव्याचं काय झालं याचा हिशोब. ई०६०३ समोर लिहिलं होतं: ‘समान उपकरण आधीच दिलेले आहे.’ भाड्याचा ई०६०४ आधी नोंदला गेला आणि संगणकाने तोच ‘एक पंप’ धरला. आठवड्याभरात पुरवठादाराचं बिलही आलं, २१० डॉलर. विचारायचा राहून गेलेला तिसरा प्रश्न तो हाच.

बिल भरलं नाही. पुरवठादाराला दोन ओळी लिहिल्या की अपील चालू आहे, खातं वसुलीला देऊ नका. नकारानंतर प्लॅनकडेच करायच्या, म्हणजे आतल्या, अपिलाला १८० दिवस असतात, आणि वस्तू आधीच मिळालेली असेल तर उत्तराला प्लॅनकडे ६० दिवस. पत्र एका पानाचं होतं. मुद्दे असे: भाड्याचा पंप अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पूर्वपरवानगीने, दोन महिन्यांपुरता, तो परत जाणार, त्यानंतर कामावर रुजू झाल्यावर दूध काढायला विम्यातला एकही पंप हाताशी राहत नाही, डिसेंबर २०२१ च्या तत्त्वांत डबल इलेक्ट्रिक पंपाला प्राधान्य आहे, आणि ऑक्टोबर २०१५ च्या सरकारी खुलाशानुसार साहित्याचा हक्क स्तनपान चालेल तोवर आहे. सोबत परवानगीचं पत्र, चिठ्ठी, ईओबी आणि पोर्टलवरचं ‘ई०६०३ शंभर टक्के’ हे लेखी उत्तर. ‘आम्हाला खूप मनस्ताप झाला’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात होतं, ते काढलं. अपील वाचणाऱ्याला कोड, तारीख आणि कलम लागतं. अपील टाकल्यापासून पाचव्या आठवड्यात निर्णय फिरला आणि २१० शून्य झाले.

फिरला नसता तर पुढची पायरी? प्लॅन सेल्फ-फंडेड असल्याने न्यू जर्सीच्या विमा खात्याचा उपयोग नव्हता. दाद केंद्रीय कामगार खात्याच्या एब्सा विभागाकडे मागावी लागली असती. विमा कंपनीकडून थेट विकत घेतलेला प्लॅन असेल तर राज्याचं खातं. हा फरक माहीत नसलेली माणसं सहा-सहा आठवडे चुकीच्या दारात उभी राहतात.

कामावर परत जायची बाजू त्यामानाने सोपी गेली. सिझेरियननंतर राज्याच्या अपंगत्व विम्यातून आठ आठवडे, मग फॅमिली लीव्हचे बारा, असं वीस आठवड्यांनी रुजू. २९ डिसेंबर २०२२ च्या पंप ॲक्टनुसार बाळ वर्षाचं होईपर्यंत गरज पडेल तेव्हा विश्रांती आणि बाथरूम सोडून आडोशाची, कोणी मध्येच येणार नाही अशी जागा द्यावी लागते. ठरावीक पगारावरच्या, म्हणजे तासावर पैसे न मिळणाऱ्या, कर्मचाऱ्याचा त्यासाठी पगार कापता येत नाही. एचआरने दाखवलेल्या काचेच्या मीटिंग रूमला पडदा आणि आतून कडी नव्हती. एका मेलवर दोन्ही लागले. दहा, एक आणि चार अशा तीन वेळा ठरल्या. बाळ घरी तासाला ३० ते ४५ मिली पितं, प्रवास धरून दहा तास, म्हणजे रोज ३०० ते ४५० मिली न्यायचं. २५ अंशांपर्यंत दूध चार तास टिकतं, बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत चोवीस तास, फ्रिजमध्ये चार दिवस. ऑफिसात धुणं टाळायला भागांचे तीन संच नेले, त्यातला एक विम्याच्या सुट्या भागांतून आलेला.

भाड्याचा पंप परत करताना अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतली. ती नसेल तर ‘परत आलाच नाही’ म्हणून पुढच्या महिन्याचं भाडं लागतं.

वर्ष झाल्यावर एस-१ कपाटात गेला. कोल्हापूरची धाकटी नणंद तेव्हा सातव्या महिन्यात. आजींचं म्हणणं, “देऊन टाक गं तिला, नवाच तर आहे.” पण असा घरगुती पंप एकाच बाईच्या वापरासाठी असतो, आणि दुसरीने तो वापरू नये असं अमेरिकेचं एफडीए सांगतं. बाटल्या-नळ्या बदलल्या तरी मोटरच्या आत काय गेलंय ते दिसत नाही. नणंदेच्या विम्यात बाळंतपणाचा हॉस्पिटलचा खर्च होता, पंप नव्हता. तिच्यासाठी कोल्हापुरातच नवा घेतला, रोख.